मध्यान्हीचा अर्धा तास

मुडदूस हा दारिद्र्याचा रोग आहे, अर्धपोटी राहणाऱ्यांच्या झोपडीतच तो आढळावयाचा, अशी समजूत धरून गेल्या शतकाच्या आरंभी कोणी नाशिक शहराच्या गल्ल्यांतून हिंडला असता, तर ती समजूत मुळापासून बदलणे त्याला भाग पडले असते. हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी तेथे या व्याधीचा प्रत्यक्ष शोध घेतला आणि १९२२ साली एका ब्रिटिश वैद्यकीय त्रैमासिकातून त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मऊ पडून वाकलेली हाडे त्यांना आढळली ती, ज्यांच्या घरी दुधातुपाची ददात नव्हती अशा सुखवस्तू मुसलमान आणि वरिष्ठवर्गीय हिंदू कुटुंबांतील पडदानशीन स्त्रियांत, वयात येताच माजघराच्या आत गेलेल्या मुलींत आणि त्या घरांतील तान्ह्या बालकांत. उलट कोरड्या भाकरीवर दिवस काढणाऱ्या, परंतु उन्हातान्हात राबणाऱ्या कष्टकरी बायका आणि त्यांच्याबरोबर बांधावर वाढणारी मुले या व्याधीपासून बहुतांशी मुक्त होती. काश्मीरात काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी पडद्याची चाल आणि मातृत्व यांच्या संबंधावर १९२८ साली पुस्तक लिहिले, त्यात हेच चित्र अधिक दारुण स्वरूपात येते: पडद्यातील स्त्रियांच्या कमरेची हाडे मऊ पडून प्रसूतीचा मार्गच आकुंचित होई आणि कित्येकींना त्यात प्राणास मुकावे लागे, तर नावेत राहून दिवसभर उघड्यावर काम करणाऱ्या नावाड्यांच्या बायका सुखरूप बाळंत होत.

याच सुमारास युरोप-अमेरिकेत या कोड्याची उकल होत होती. बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी १९१९ साली मुडदूस झालेली मुले पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याखाली बसवून बरी करून दाखविली. त्याच वर्षी इंग्लंडात मेलन्बी यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचा गुण सिद्ध केला. आणि १९२२ मध्ये मॅकॉलम यांनी या तेलातील मुडदूस हटविणाऱ्या द्रव्याला ‘ड’ जीवनसत्त्व हे नाव दिले. एकच वस्तू माशाच्या यकृतातून मिळते आणि उन्हातूनही मिळते, ही त्या काळी मोठ्या आश्चर्याची गोष्ट होती.

हा जुना वृत्तान्त इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, ज्या मुलखात हे सत्य इतक्या लवकर दिसून आले होते, त्याच मुलखातील मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक या शहरांत आज शिकलेली, मिळवती, स्वतःच्या पायांवर उभी असलेली स्त्री रक्त तपासून घेते आणि तिच्या हाती जो कागद येतो त्यावर त्याच जीवनसत्त्वाच्या पुढे नऊ, अकरा, तेरा असे आकडे छापलेले असतात. पडदा गेला. शिक्षणाने, कायद्याने आणि प्रपंचाच्या गरजेने स्त्री उंबरठ्याबाहेर आली. परंतु उंबरठा ओलांडणे आणि उघड्या आकाशाखाली येणे या दोन गोष्टींत जे अंतर राहिले, त्याचा हिशेब कोणी केला नाही. आणि त्या अंतराचे मोल तिच्या हाडांनी, स्नायूंनी आणि, असे आता पुष्कळ जण म्हणू लागले आहेत, तिच्या मनाने चुकते केले.

यांतील शेवटचे विधान कितपत खरे आहे, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम शरीराचा व्यवहार समजून घेतला पाहिजे. आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलच्या कुळातील एक द्रव्य असते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांपैकी आखूड लांबीचे किरण त्यावर पडले म्हणजे त्याचे रूपांतर होऊन ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते, मग यकृत आणि मूत्रपिंड या दोन ठिकाणी त्यावर संस्कार होऊन ते कार्यक्षम बनते आणि आतड्यांकडून अन्नातील चुना शोषून घेण्याचे काम करविते. निसर्गाने यात असा बंदोबस्त ठेवला आहे की, ऊन कितीही घेतले तरी या जीवनसत्त्वाचा विषारी साठा होत नाही; जादा झालेले द्रव्य उन्हानेच निरुपयोगी रूपांत बदलून जाते. हे आखूड किरण मात्र मोठे नाजूक. सूर्य क्षितिजाजवळ असता हवेचा जाड थर त्यांना अडवितो, धूर आणि धुरके त्यांना अडविते, कापड अडविते आणि खिडकीची साधी काचही अडविते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या एका पाहणीत प्रदूषित मोरी गेट भागातील लहान मुलांच्या रक्तात हे जीवनसत्त्व त्या वेळच्या मोकळ्या गुडगावातील मुलांपेक्षा कमी आढळले होते. शिवाय त्वचेतील रंगद्रव्य हे किरण शोषून घेते, म्हणून सावळ्या माणसाला गोऱ्याच्या कित्येक पट अधिक वेळ उन्हात राहावे लागते.

यातून जो निष्कर्ष निघतो तो आपल्या घरोघरच्या शिकवणुकीला धक्का देणारा आहे. सकाळचे कोवळे ऊन अंगावर घ्यावे, असे आपल्या आज्या सांगत आल्या. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही, कारण सकाळचा प्रकाश डोळ्यांवाटे मेंदूतील दिनरात्रीचे चक्र नीट लावतो, झोप सुधारतो आणि उदासीनतेवर प्रखर प्रकाशाचा उपचार गुणकारी ठरतो, हे १९८४ पासून झालेल्या संशोधनाने चांगलेच प्रस्थापित झाले आहे. परंतु हाडांना हवे असलेले जीवनसत्त्व त्या कोवळ्या उन्हात फारसे बनत नाही. ते बनते मध्यान्हीच्या सुमारास, साधारणतः अकरा ते तीन या वेळेत, जेव्हा आपली सावली आपल्याहून आखूड असते. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस, थेट माथ्यावर येतो. पावसाळ्याचे झाकोळलेले महिने वगळता या किरणांची येथे वाण नाही. मनाला हवा तो प्रकाश एका प्रहरी आणि हाडांना हवा तो दुसऱ्या प्रहरी, अशी ही व्यवस्था आहे, आणि नोकरदार स्त्रीच्या दिवसाची रचना अशी की हे दोन्ही प्रहर तिच्या हातून निसटतात.

ती रचना कशी असते, हे डोंबिवलीहून फोर्टातल्या एका बँकेत येणाऱ्या अधिकारी बाईंनी मला एका दमात सांगितले. पहाटे पाचला उठून दोन वेळचा स्वयंपाक आणि चार डबे. सात वाजण्यापूर्वीची गाडी. बँकेत पाऊल टाकल्यापासून पांढरे दिवे आणि वातानुकूलन. जेवण टेबलावरच, कारण काउंटर सुटत नाही. आणि परतीची गाडी येते तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली. “ऊन मला रविवारी दिसतं,” त्या म्हणाल्या, “तेही गच्चीवर गहू वाळत घालायला गेले तर.” शासकीय रुग्णालयातील एका अधिपरिचारिकेचे म्हणणे आणखी निराळे. रात्रपाळी संपवून ती घरी येते तेव्हा ऊन चढलेले असते, आणि ती जाड पडदे ओढून झोपते, कारण न झोपली तर पुढची रात्र निभावत नाही. “आमच्या वॉर्डात सगळ्यांच्याच डीच्या पुड्या चालू आहेत,” हे तिने सांगितले ते तक्रारीच्या सुरात नव्हे, हवापाणी सांगावे तसे. उपनगरातील दागिन्यांच्या एका कारखान्यात पॉलिशवर काम करणारी तरुणी म्हणाली की, दुपारच्या सुट्टीत बाहेर जायचे तर झडती द्यावी लागते, परत येतानाही द्यावी लागते, अर्धा तास त्यातच जातो. त्यापेक्षा आतच बसलेले बरे.

तिघींचे धंदे वेगळे, मिळकत वेगळी, वस्ती वेगळी; मध्यान्ह मात्र तिघींचीही गेलेली आहे.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००० साली निरोगी माणसांच्या रक्तातील या जीवनसत्त्वाचे मोजमाप प्रसिद्ध केले, तेव्हा त्यात डॉक्टर आणि परिचारिका यांचे आकडे अत्यल्प निघाले होते आणि उघड्यावर कवायत करणाऱ्या सैनिकांचे त्यांच्याहून पुष्कळ अधिक होते. ज्यांनी इतरांचे आरोग्य सांभाळावयाचे त्यांनाच कामाच्या जागेने सूर्यापासून तोडले होते, ही गोष्ट तेव्हाच आपल्या धोरणकर्त्यांच्या दप्तरी ठळकपणे नोंदली जावयास हवी होती.

पुण्यात दुचाकीवरून जाणाऱ्या मुली डोक्यापासून मनगटापर्यंत स्कार्फ, सनकोट आणि हातमोजे यांनी स्वतःला गुंडाळून घेतात, त्यावरून त्यांना दोष देण्याची एक सवय आपल्याकडे पडली आहे. ती मला अन्यायाची वाटते. रस्त्यावरची धूळ, वाहनांचा धूर आणि रोखलेल्या नजरा यांपासून कापडाचा एक तुकडा तिचे रक्षण करतो. आणि रंग उजळ ठेवण्याचे जे दडपण तिच्यावर आहे, ते लग्नाच्या बाजारात तिने स्वतः निर्माण केलेले नाही. पूर्वी वाड्यांचे चौक, चाळींच्या गच्च्या, परसातले तुळशीवृंदावन आणि विहीर या जागा स्त्रियांच्या कामाच्याही होत्या आणि उन्हाच्याही होत्या. चैत्र-वैशाखात कुरडया, पापड, सांडगे घालताना भर दुपारी चार-पाच जणी गच्चीवर एकत्र येत, कष्ट होतच, परंतु बोलणेही होई. त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही, कारण त्याच वाड्यांच्या अंधाऱ्या खोल्यांत कित्येक विधवांनी आणि बाळंतिणींनी जन्म काढले आहेत. सांगावयाचे एवढेच की, आजच्या उंच इमारतींत गच्चीला कुलूप असते आणि किल्ली सोसायटीच्या चिटणिसांकडे असते.

आता त्या कागदाकडे वळू. बहुतेक प्रयोगशाळा प्रतिमिलिलिटर ३० नॅनोग्रॅमच्या खालचा आकडा ठळक छापून ‘अपुरा’ आणि २० च्या खालचा ‘कमतरता’ असे शेरे मारतात. हे प्रमाण अमेरिकेतील अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेने २०११ साली घालून दिले होते. त्याच सुमारास तेथील वैद्यक संस्थेच्या समितीने मात्र २० हा आकडा जवळजवळ सर्वांच्या हाडांना पुरेसा आहे आणि खरी कमतरता १२ च्या खाली मानावी, असा निर्वाळा दिला होता. वाद बरेच दिवस चालला. २०२४ साली पहिल्या संस्थेने आपला ३० चा आग्रह स्वतःच सोडला आणि धडधाकट प्रौढ माणसांची ही तपासणी सरसकट करू नये असे सुचविले. इकडे आपल्या कार्यालयांच्या वार्षिक आरोग्य तपासणीत मात्र ती अजूनही असते, आकडा लाल अक्षरांत येतो, आणि मागोमाग साठ हजार युनिटांची ती पुडी येते: आठवड्यातून एकदा, दुधातून, आठ आठवडे.

ही पुडी वाईट नाही, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. ज्या स्त्रीच्या रक्तात हे जीवनसत्त्व खरोखरच तळाला गेले आहे, जिला जिना चढताना मांड्या भरून येतात, जमिनीवर बसले तर हात टेकल्याशिवाय उठवत नाही, नडगीचे हाड दाबले तर कळ येते, तिला झालेले असते ते अस्थिमार्दव, आणि त्यावर हे औषध दोन-तीन महिन्यांत असा पालट घडविते की तिची तिलाच ओळख पटू नये. गर्भवतीला आणि तिच्या बाळाला त्याची गरज आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० च्या शिफारशींत प्रौढांसाठी दिवसाला ६०० युनिट इतके प्रमाण सांगितले आहे आणि ते आपल्या नेहमीच्या शाकाहारी जेवणातून मिळणे जवळपास अशक्य आहे. तारली-बांगडा खाणाऱ्या कोकण-गोव्याच्या घरांत थोडे मिळते, अंड्याच्या बलकातून थोडे, दूध-तेलात सरकारी नियमांनुसार घातले असेल तर थोडे. परंतु आठवड्याची पुडी कोणी रोज घेतली, किंवा डॉक्टरांना न विचारता इंजेक्शनांवर इंजेक्शने घेतली, तर रक्तातील चुना वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, गोंधळलेले मन आणि मूत्रपिंडाचा बिघाड यांपर्यंत मजल जाते. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदम पाच लाख युनिटांचा डोस देऊन पाहिला, तेव्हा त्यांची हाडे मोडण्याचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढले, हा २०१० सालचा अनुभव वैद्यकाने विसरू नये असा आहे.

आणि मन? नोकरदार स्त्रियांशी या विषयावर बोलू लागले की दोन-चार वाक्यांनंतर बोलणे हाडांवरून मनावर येते. “अंग मोडून येतं” येथून सुरुवात होते. मग “कशात मन लागत नाही”, “उगीच चिडचिड होते”, “पोरांवर ओरडते आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडते”, “पहाटे तीनला जाग येते ती येतेच”. आणि शेवटी, काहीशा सुटकेच्या स्वरात, “डी कमी निघालं ना, त्यामुळे होतंय.” त्या सुटकेचा अर्थ मला पुष्कळ दिवस विचारात पाडत राहिला. ठाण्याच्या एका शिक्षिकेने तो उलगडून दाखविला. ती म्हणाली की, मला उदास वाटते असे घरी सांगितले तेव्हा सासूबाईंनी, नवऱ्याने, आणि सख्ख्या आईनेही एकच प्रश्न विचारला होता, “तुला काय कमी आहे?” नोकरी आहे, घर आहे, मुले गुणी आहेत, या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नव्हते. प्रयोगशाळेच्या कागदाने ते दिले. त्या कागदामुळे तिचे दुखणे खरे ठरले, त्यात कोणाचा दोष उरला नाही, आणि रात्री भांडी घासताना नवरा प्रथमच स्वयंपाकघरात आला.

या मान्यतेची थोरवी मी जाणतो. तरीही शास्त्र काय सांगते ते टाळता येत नाही. ‘ड’ जीवनसत्त्वाला प्रतिसाद देणारे ग्राहक मेंदूच्या अनेक भागांत आहेत, म्हणून ते मनावर परिणाम करीत असावे ही कल्पना निराधार नव्हती. २०१३ साली ब्रिटिश मानसोपचार नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याने एकंदर ३१,४२४ व्यक्तींवरील अभ्यास एकत्र करून दाखविले की, रक्तात हे जीवनसत्त्व कमी असणाऱ्यांत अवसाद अधिक आढळतो. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. ज्याचे मन खचले आहे तो घराबाहेर पडत नाही, मग त्याला ऊन कोठून मिळणार? जो दीर्घ आजारी आहे, स्थूल आहे, अंधाऱ्या खोलीत राहतो, त्याच्या वाट्याला दोन्ही गोष्टी येतात. याचा निवाडा करण्याची एकच खात्रीची रीत आहे: हजारो माणसांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करावयाचे, एकाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निर्गुण गोळी द्यावयाची, आणि कोणाला काय दिले हे कोणासही कळू न देता वर्षानुवर्षे वाट पाहावयाची. बोस्टनच्या संशोधकांनी पन्नाशीपुढच्या १८,३५३ स्त्री-पुरुषांवर हे केले, रोज २,००० युनिट दिले, पाच वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवले. आणि २०२० साली जाहीर केले की औषध घेणाऱ्यांत अवसाद कमी झाला नाही.

या निकालावर एक रास्त आक्षेप आहे. त्या लोकांपैकी बहुतेकांच्या रक्तात हे जीवनसत्त्व मुळात पुरेसे होते. ज्याचे पोट भरलेले आहे त्याला आणखी एक घास दिल्याने भूक भागली की नाही हे कळत नाही. पस्तिशीतल्या, रक्तात नऊचा आकडा असलेल्या डोंबिवलीकर स्त्रीविषयी तो प्रयोग फारसे सांगत नाही. तिची खोल कमतरता भरून काढली तर अंगदुखी थांबेल, झोप लागेल, पायांत बळ येईल, आणि त्याने तिचा जीव काहीसा हलका होईल, हे मला सर्वस्वी संभवनीय वाटते. पण तिच्या विषण्णतेचे मूळ त्या आकड्यात आहे असे म्हणावयास आधार नाही. आणि त्या आकड्यावर सगळे सोपवून देणे हे तिच्या हिताचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण उन्हाचा तुटवडा ज्यांना कधीच नसतो अशा स्त्रियाही या राज्यात लाखोंनी आहेत. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेली स्त्री पुढचे पाच-सहा महिने आकाशाखालीच असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेऊन खर्चलेली. एक दिवस खाडा पडला तर दंड. पहाटे फडात आणि रात्री मोळ्या गाडीत भरण्यापर्यंत काम. न्हाणीघर नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांत विसावा नाही. या जिल्ह्यात ऐन तारुण्यात गर्भाशय काढून टाकलेल्या स्त्रियांची संख्या इतकी वाढली की २०१९ साली राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्या स्त्रीच्या मनाचा ठाव कोणी घेतला तर तेथे काय सापडेल हे सांगावयास रक्त तपासावे लागत नाही. ऊन तिला भरपूर मिळाले. ज्या गोष्टींनी मनुष्याचे मन उभे राहते त्यांतील बाकी जवळजवळ काहीच मिळाले नाही.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांच्या मनोव्यथांचा जो अभ्यास वर्षानुवर्षे केला, त्याचे महत्त्व येथेच आहे. त्यांनी २००२ साली बाळंतिणींविषयी जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत सुमारे एक चतुर्थांश माता प्रसूतीनंतरच्या आठवड्यांत अवसादग्रस्त आढळल्या. आणि त्यामागे उभ्या होत्या त्या गोष्टी म्हणजे पैशाची तंगी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मारहाण, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. पुढे अधिक मोठ्या पाहणीतही कर्ज, नवऱ्याचे वागणे, सततचा थकवा, अंगावरून पांढरे जाण्यासारख्या बोलता न येणाऱ्या तक्रारी यांचाच संबंध दिसून आला. याच मंडळींनी उपायही करून पाहिला आणि तो किती साधा होता! डॉक्टर नव्हेत, मानसतज्ज्ञ नव्हेत, अशा गावातल्या सामान्य शिकलेल्या व्यक्तींना तयार करून त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र अवसादाच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत बोलावयाचे, त्यांना पुन्हा हळूहळू आवडत्या कामांकडे आणि माणसांकडे वळवावयाचे, अडचणींवर उत्तर शोधावयास साहाय्य करावयाचे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या ४९५ जणांवरील प्रयोगात त्याचा गुण निश्चितपणे दिसून आला.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, रक्तातील तो आकडा आणि मनातील तो काळोख यांच्यामध्ये कार्यकारणभाव शोधीत बसण्याऐवजी दोहोंच्या मागे उभी असलेली तिसरी वस्तू पाहावी, आणि ती म्हणजे तिच्या दिवसाची मालकी. २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीप्रमाणे आपल्या देशात घरकाम करणारी स्त्री त्यासाठी रोज सरासरी २९९ मिनिटे देत होती. पुरुषांपैकी सुमारे चतुर्थांशच त्यात मुळात भाग घेत होते आणि तेही ९७ मिनिटे. नोकरीच्या तासांवर ही मिनिटे चढविली म्हणजे उरते काय? उन्हात उभे राहावयाची सवड, मैत्रिणीशी निरुद्देश बोलावयाची सवड आणि गाढ झोप या तिन्ही एकाच खात्यातून वजा होतात. १९९२ साली चर्चगेट-बोरिवली मार्गावर केवळ स्त्रियांसाठी लोकल सुरू झाली. त्या गाड्यांत भाज्या निवडल्या जातात, वाढदिवस साजरे होतात, सुखदुःखे बोलली जातात. दिवसभरात स्वतःच्या मालकीचा असा वेळ कित्येकींना त्या डब्यातच लाभतो, हे मुंबईच्या कोणत्याही नोकरदार बाईला विचारावे.

याचा आरंभ कोठून करता येईल? १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आणि राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने, सलग पाच तासांहून अधिक काम न घेता मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा शिरस्ता घालून दिला होता. तो अर्धा तास बहुधा नेमका मध्यान्हीला येतो. तो टेबलावर डबा उघडून, एक डोळा संगणकाच्या पडद्यावर ठेवून संपतो, कारण जाण्यासारखी जागा नाही आणि गेल्यास वरिष्ठांची भुवई उंचावते. कार्यालयाची गच्ची कठडा बांधून उघडी करणे, तीवर अर्धा भाग सावलीचा आणि अर्धा उन्हाचा ठेवणे, झडती घेणाऱ्या कारखान्यांनी आवारातच बसण्याची तजवीज करणे, रात्रपाळी लागोपाठ किती लावावयाची याला मर्यादा घालणे, यांस फार मोठा खर्च येत नाही. हात आणि चेहरा उघडे ठेवून आठवड्यातून काही दिवस वीस-तीस मिनिटे त्या उन्हात गेली तरी पुष्कळ साधते. चैत्र-वैशाखाच्या काहिलीत ज्यांना ते सोसत नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना जन्मभर अंग झाकूनच वावरावे लागते त्यांच्यासाठी, औषध आहेच.

उरला तो वैद्यांचा भाग. थकलेली स्त्री समोर येते तेव्हा तिच्यात रक्तक्षय असू शकतो, महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत तो आहे. कंठग्रंथीचा विकार असू शकतो, ‘ब-१२’ चा अभाव असू शकतो, आणि अस्थिमार्दवाला ‘हे मनाचे आहे’ म्हणून परत पाठविले गेल्याची उदाहरणेही थोडी नाहीत. ही सर्व तपासणी व्हावी. परंतु ज्या कार्यालयीन शिबिरात तिच्या दंडातून रक्त काढण्यास पाच मिनिटे आहेत, तेथे दोन प्रश्न विचारावयास एक मिनिट निश्चित आहे, आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या प्राथमिक चाचणीचे ते प्रश्न दोनच आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात, माणसांत किंवा आवडीच्या गोष्टींत रस वाटेनासा झाला आहे काय? आणि उदास, खिन्न, हताश वाटते आहे काय? उत्तर ‘बहुतेक दिवस’ असे आले तर पुडीच्या चिठ्ठीबरोबर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याची चिठ्ठीही तिच्या हाती पडावी, आणि जीव नकोसा झाल्याचे तिने सांगितले तर ती त्याच दिवशी पडावी. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही शासकीय सेवा विनामूल्य चालते. हा क्रमांक शिबिराच्या टेबलावर आणि स्त्रियांच्या प्रसाधनगृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला, जेथे तो कोणी पाहत नसताना उतरून घेता येईल तेथे, मराठीत लिहून लावावा.